जुन्या ऑफ-रोड गाडीची सरकती खिडकी: अडते, गळते, खडखडते तेव्हा काय तपासायचं

जुन्या फोर-बाय-फोर गाड्यांच्या बाजूच्या सरकत्या खिडक्या मी इतक्या वेळा सोडवून पुन्हा बसवल्या आहेत की आता सीटचा कुठला कोपरा ओला आहे हे बघितलं तरी पाणी कुठून शिरलं असेल याचा अंदाज येतो. बिघाड दरवेळी साधारण तोच असतो. आणि दरवेळी त्याआधी कुणीतरी केलेला उपायही तोच असतो: नवं रबर, त्यावर सिलिकॉनचा जाड थर. काही महिने बरं चालतं, मग पुढच्या पावसाळ्यात पाणी पुन्हा आत, आणि या वेळी सोबत गंजही.

हा उपाय टिकत नाही, कारण तो चुकीच्या समजुतीवर उभा आहे. सरकती खिडकी पाणी अडवण्यासाठी बनवलेलीच नसते. पाणी तिच्या खालच्या खाचेत येणारच. ते खाचेतून बाहेर, म्हणजे गाडीच्या बाहेर, किती लवकर पडतं यावर सगळं अवलंबून आहे. एवढं पक्कं धरलं की पुढच्या तपासण्या कोणत्या क्रमाने करायच्या ते आपोआप समजतं.

आधी लक्षणं

हातात स्क्रूड्रायव्हर घेण्याआधी दोन दिवस गाडी नीट बघा. लक्षण अचूक ओळखलं तर निम्मं काम वाचतं.

- गाडी उभी असताना कुठे थेंब दिसत नाही, पण पावसात ब्रेक दाबला किंवा वळण घेतलं की खालच्या खाचेतून पाणी उसळून मांडीवर येतं. निचऱ्याची भोकं बुजली आहेत. या लक्षणाला मला आजवर दुसरं कारण सापडलेलं नाही.
- खाच आणि काच कोरडी, मात्र आतलं अस्तर किंवा खालचा गालिचा ओला. पाणी काचेच्या बाजूने येत नाही, चौकट आणि बॉडीचा पत्रा यांच्या मधून येतं.
- काच जड सरकते, करकरते, आणि तिच्यावर आडवे समांतर ओरखडे आहेत. खाचेत वाळू आहे.
- सपाट जागी काच सुरळीत सरकते, पण एक चाक दगडावर चढलं की जागच्या जागी अडते.
- सकाळी सरकते, भर उन्हात अडते. खिडकीला काच आहे की प्लास्टिकची शीट, ते आधी बघा.
- कच्च्या रस्त्यावर खडखड, आणि काचेवर तळहात टेकवला की ती थांबते. चॅनलमधलं, म्हणजे काच जिच्यात सरकते त्या खाचेच्या पट्टीतलं, फेल्ट (लोकरीसारखं जाड अस्तर) झिजलं आहे.
- वेग वाढला की शिट्टी वाजते. दोन काचा जिथे एकमेकींवर येतात तिथली उभी पट्टी झिजली आहे किंवा निखळली आहे.
- चौकटीच्या कडेने रंग फुगलाय, त्याखाली पांढरी पूड किंवा तांबूस ओघळ दिसतोय. असं असेल तर सोप्या तपासण्या जरूर करा, पण खरं काम शेवटच्या भागात आहे हे मनाशी धरून करा.

पहिली तपासणी: खाच रिकामी करा

खर्च शून्य, वेळ अर्धा तास. तरीही हीच पायरी सगळे वगळतात.

काच पूर्ण एका बाजूला सरकवा, उघड्या पडलेल्या खाचेतला कोरडा कचरा व्हॅक्युमने ओढून घ्या. मग लाकडी किंवा बांबूची काडी आणि जुना टूथब्रश. स्क्रूड्रायव्हरचं टोक वापरू नका, त्याने फेल्ट फाटतं आणि त्याखालच्या पोलादी चॅनलचा रंग खरवडला जातो. गंज नेमका तिथून सुरू होतो. मग कोमट पाणी आणि भांड्यांचा सौम्य साबण, दोनतीनदा. मग काच दुसऱ्या बाजूला सरकवून उरलेला अर्धा भाग. चॅनल दोन खाचांचं असेल तर दोन्ही खाचा; बाहेरच्या खाचेत माती जास्त असते, शेवाळ बहुतेक आतल्या कोपऱ्यात.

हे आधी करण्याचं कारण काठिण्याचं आहे. धुळीतली वाळू म्हणजे मुख्यतः क्वार्ट्झ, काठिण्य मोजायच्या मोह्स श्रेणीवर (१ ते १०) ते ७. खिडकीची काच साडेपाच ते सहा. म्हणजे वाळूचा प्रत्येक कण काचेला ओरखडू शकतो, आणि फेल्टमध्ये रुतून बसला की ते फेल्टच पॉलिश पेपरसारखं काम करू लागतं. अशा खाचेत काच जोर लावून सरकवणं म्हणजे स्वतःच्या हाताने काच घासणं.

याच टप्प्यावर एक मोह होतो: तेल किंवा ग्रीस सोडायचा. कृपा करून सोडू नका. पेट्रोलियमपासून बनलेलं तेल ईपीडीएम रबराला (खिडक्या-दारांना लावतात त्या कृत्रिम रबराला) फुगवतं आणि मऊ करतं, आणि ओल्या फेल्टवर धूळ चिकटून आठवड्याभरात लगदा होतो. गंज सोडवायचे स्प्रे याच जातीचे. खाच पूर्ण वाळल्यावर सिलिकॉनचा कोरडा स्प्रे आधी फडक्यावर मारा आणि ते फडकं खाचेतून ओढा. थेट खाचेत मारलात तर तो शेजारच्या रंगावर उडतो, आणि ज्या पत्र्याला सिलिकॉन लागलं तिथे पुढे रंगकाम करताना रंग धरत नाही, बारीक खळगे पडतात. गाडी लवकरच रंगवायची असेल तर सिलिकॉन अजिबात वापरू नका, पीटीएफईचा (टेफ्लॉनचा) कोरडा स्प्रे घ्या.

दुसरी तपासणी: पेलाभर पाणी

माझ्या मते सगळ्या लेखातली ही सर्वात महत्त्वाची तपासणी. गाडी सपाट जागी उभी करा. खालच्या खाचेत हळूहळू पेलाभर पाणी ओता आणि घड्याळ बघा. पाणी खिडकीखाली, गाडीच्या बाहेरच्या अंगाने पडलं पाहिजे, आणि ओतणं थांबल्यावर काही सेकंदांत खाच रिकामी दिसली पाहिजे.

पाणी साचून राहिलं तर भोकं बुजली आहेत. ती खाचेच्या तळाशी असतात, बहुधा दोन्ही टोकांजवळ, फेल्टखाली लपलेली. मासेमारीची नायलॉनची दोरी किंवा केबल बांधायची प्लास्टिकची पट्टी बाहेरून आत सरकवा. धातूची तार घालायचीच असेल तर टोक वळवून गोल करा.

पाणी बाहेर न पडता आत, अस्तराच्या मागे गायब झालं तर दोन शक्यता. एक, चॅनलचा तळ गंजून आरपार गेला आहे. दोन, आधीच्या कुणीतरी नवं भोक चुकीच्या बाजूला पाडलं आहे. दोन्ही मी पाहिल्या आहेत.

तिसरी शक्यता मला सगळ्यात जास्त वेळा भेटते, आणि तिचं खरंच वाईट वाटतं, कारण ती चांगल्या हेतूने केलेली असते. गळती थांबवायला म्हणून कुणीतरी बाहेरच्या बाजूने चौकटीच्या खालच्या कडेला सीलंटची सलग रेघ ओढलेली असते, आणि त्या रेघेखाली निचऱ्याची भोकं कायमची बंद झालेली असतात. मी पहिली गाडी घेतली तेव्हा मीही हेच केलं होतं. वर स्वस्तातलं, व्हिनेगरसारखा वास येणारं सिलिकॉन वापरलं होतं. ते वाळताना ॲसेटिक आम्ल सोडतं आणि उघड्या पोलादाला ते चांगलंच लागतं. पुढच्या वर्षी चौकट काढली तेव्हा खालचं चॅनल हातात तुकडे होऊन आलं. धातूजवळ सीलंट लावायचंच असेल तर न्यूट्रल क्युअर लिहिलेलं घ्या, आणि खालची कड कधीही सलग बंद करू नका.

मूळ भोकं फारच बारीक असतील तर ती मोठी करणं हा या खिडकीतला सर्वात किफायतशीर बदल. तीन मिलिमीटरच्या भोकात पाण्याचा थेंब पृष्ठताणामुळे अडकून राहतो, वरून थोडं पाणी साचलं तरी हलत नाही. मी सहा मिलिमीटरची भोकं करतो, किंवा कानसीने ती लांबट करतो. ड्रिल मारताना काच काढलेली असावी. काढता येत नसेल तर ड्रिलच्या टोकावर टेप गुंडाळून खोलीची खूण करा. भोकाची कड घासून गुळगुळीत करा आणि लगेच प्रायमर लावा. भोकावर बाहेरून छोटी टोपी बसवली तर धावत्या गाडीत वारा पाणी उलटं वर ढकलत नाही. टोपीचं तोंड मागच्या दिशेला.

तिसरी तपासणी: कागद, टेप आणि तळहात

कागदाची पट्टी काच आणि रबराच्या मध्ये धरा, काच बंद करा, पट्टी ओढा. जिथे ती अडखळत निघते तिथे रबर दाबतंय. जिथे सहज निसटते तिथे फट आहे. अख्ख्या कडेने हे करा आणि निसटत्या जागा पेन्सिलीने खुणा करून ठेवा.

शिट्टीसाठी मास्किंग टेप. सगळ्या फटींवर टेप लावून गाडी चालवा. आवाज गेला तर खिडकीच दोषी. मग एकेक टेप काढत पुन्हा चालवा. नाही गेला तर खिडकीला हात लावू नका, दाराचं रबर किंवा छतावरचं रॅक वाजत असेल. या टेपने पुष्कळ निरपराध खिडक्या वाचवल्या आहेत.

खडखडाटासाठी शेजारी कुणाला तरी बसवा आणि त्याला काचेच्या वेगवेगळ्या भागांवर तळहात टेकवायला सांगा. वरची कड दाबल्यावर आवाज थांबला तर वरचं फेल्ट गेलंय, मधली उभी कड दाबल्यावर थांबला तर मधली पट्टी. काच बंद असतानाच वाजत असेल तर खिट्टीही बघा. झिजलेली खिट्टी काचेला एक-दोन मिलिमीटर मागेपुढे खेळू देते, आणि खिट्टीखाली रबराचा पातळ तुकडा घालून हा आवाज जागच्या जागी थांबतो.

चौथी तपासणी: पाण्याची नळी, खालून वर

अस्तर ओलं होत असेल तर हे करावंच लागतं. आतलं अस्तर काढून पत्रा उघडा करा. आत एकजण टॉर्च घेऊन, बाहेर एकजण नळी घेऊन. नळीला जोर नको, पाणी नुसतं ओघळलं पाहिजे. प्रेशर वॉशर तर नकोच. तो चांगल्या रबरातूनही पाणी घुसवतो आणि तुम्ही नसलेली गळती दुरुस्त करत बसता.

सुरुवात खालच्या कडेपासून. पाच मिनिटं तिथेच पाणी सोडा, मग उभ्या कडा, सर्वात शेवटी वरची कड. वरून सुरुवात केली तर पाणी ओघळत सगळीकडे पोचतं आणि आत थेंब दिसला तरी तो कुठल्या उंचीवरून शिरला ते कळत नाही. आतल्या पत्र्यावर टाल्कम पावडर भुरभुरवली की पाण्याची वाट स्पष्ट रेषेसारखी दिसते.

आणि खिडकीच्या वर काय काय आहे तेही बघा. छताची पन्हाळ, रॅकचे बोल्ट, एरियल. पाणी पत्र्याच्या आतून हातभर प्रवास करून खिडकीच्या कोपऱ्यात टपकतं आणि बोल खिडकीला लागतो.

पाचवी तपासणी: चौकट चौकोनी आहे का

इथून पुढे मोजपट्टी लागते. चौकटीच्या आतल्या दोन्ही तिरप्या रेषा मोजा. फरक तीन मिलिमीटरपेक्षा जास्त असेल तर चौकट तिरकी झाली आहे. कितीही फेल्ट बदला, काच कोपऱ्यात अडणारच. (कोपरे खूप गोल असतील तर प्रत्येक कोपऱ्याच्या गोलाईच्या मधोमध खूण करून तिथून मोजा.) मग एक सरळ पट्टी खालच्या चॅनलवर आडवी ठेवा. मध्ये उजेड दिसला तर चॅनल वाकलं आहे.

मागाहून बसवलेल्या खिडक्यांत हे वाकणं फार आढळतं. कारण साधं आहे. जुन्या गाडीचा बाजूचा पत्रा सपाट दिसतो, पण त्याला बहुतेकदा हलका फुगवटा असतो. सपाट खिडकी त्यावर ठेवून स्क्रू करकचून आवळले की चौकट पत्र्याचा आकार घेते, खाचा धनुष्यासारख्या होतात आणि सरळ काच मधल्या भागात दाबली जाते. सगळे स्क्रू एकेक फेरा सैल करा. काच लगेच मोकळी झाली तर निदान झालं. उपाय म्हणजे फुगवट्याची फट चौकट ओढून भरायची नाही. फोमची किंवा ब्यूटाइलची (चिकट, मऊ रबराची) जाड पट्टी घालून भरायची, आणि स्क्रू समोरासमोरच्या क्रमाने थोडे थोडे आवळत प्रत्येक फेरीनंतर काच सरकवून बघायची.

तिरप्या जागीच अडत असेल तर कारण वेगळं. शिडीसारख्या चासीवर वेगळी बॉडी बसवलेल्या गाड्यांत एक पुढचं आणि समोरच्या बाजूचं मागचं चाक एकदम चढलं की सगळा सांगाडा पिळवटतो. खिडकीची जागा क्षणभर तिरकस होते आणि काचेला हालचाल उरत नाही. थोडं पिळवटणं हा गाडीचा स्वभाव आहे. काचेच्या वर आणि बाजूला दोन-तीन मिलिमीटर मोकळीक ठेवणं एवढंच आपल्या हातात. मात्र आधी न अडणारी काच अचानक अडायला लागली असेल तर खिडकी सोडून बॉडी माउंटची (बॉडी चासीवर टेकते तिथली) रबरं, दाराच्या बिजागऱ्या आणि खांबांचे जोड बघा. तिथे तडा किंवा गंज सापडला तर थांबा. तो वेल्डरचा आणि चासी समजणाऱ्या माणसाचा विषय आहे, आणि काच ही त्यातली सर्वात लहान अडचण आहे.

सहावं काम: फेल्टचं चॅनल बदलणं

तपासण्यांतून फेल्टच गेलंय असं निघालं तर हे घरी होण्यासारखं काम आहे, पण घाईने होत नाही.

जुनं चॅनल फेकू नका. त्याचीच लांबी, बाहेरची रुंदी आणि उंची व्हर्नियरने घ्या, काचेची जाडीही मोजा. चार आणि पाच मिलिमीटर डोळ्याला सारखेच दिसतात. नवं चॅनल काचेला सगळीकडून हलकं धरणारं हवं. बोटाने ढकलली की काच सरकावी आणि सोडली की थांबावी. फार घट्ट चॅनल "हळूहळू सैल होईल" म्हणून बसवलं तर ते सैल होत नाही, लोक काचेचं हँडल उपटतात.

बसवण्याआधी जुन्या फेल्टखालची निचऱ्याची भोकं शोधा आणि चौकटीच्या दर्शनी भागावर टेपने त्यांच्या जागा दाखवा. नवं चॅनल घातलं की ती झाकली जातात, आणि नव्या चॅनलच्या तळालाही अगदी त्याच जागी भोकं पाडावी लागतात. हे विसरलं तर नव्या कोऱ्या फेल्टची खिडकी जुनीपेक्षा जास्त गळते. अगदी चांगल्या कारागिराकडून हे सुटलेलं मी पाहिलं आहे. शिवाय खालचं चॅनल दोन्ही टोकांना तीन-चार मिलिमीटर आखूड ठेवा, म्हणजे उभ्या चॅनलमधून येणारं पाणी कोपऱ्यात अडत नाही. चिकटवताना गोंदाची सलग रेघ नको. अंतरा-अंतरावर ठिपके पुरतात, आणि त्याखालून पाणी वाहू शकतं.

चौकटीचा उघडा पडलेला तळ कोरडा करून गंज घासून काढा, प्रायमर आणि रंग द्या, पूर्ण वाळू द्या. ही संधी पुन्हा काही वर्षांनीच येते.

काचेऐवजी पॉलिकार्बोनेट?

हे पारदर्शक प्लास्टिक सहज फुटत नाही, हलकं असतं, घरी कापता येतं, म्हणून हा बदल बरेचजण करतात. मी केला, नंतर काढला, आणि आता फक्त स्थिर भागात वापरतो. कारण सांगतो.

पॉलिकार्बोनेट तापमानाने काचेच्या सातपटीहून जास्त प्रसरण पावतं. ६०० मिलिमीटर लांबीचा तुकडा घ्या आणि थंड सकाळ ते तापलेली दुपार असा ४० अंशांचा फरक धरा. काच साधारण ०.२ मिलिमीटरने वाढेल, हा तुकडा १.६ मिलिमीटरने. मी थंडीत अगदी मापात कापून बसवला होता. उन्हाळ्यात तो फुगून धनुष्य झाला आणि खाचेत रुतला. सरकता तुकडा कापताना लांबीत किमान तीन मिलिमीटर सोडा. स्थिर तुकड्याला स्क्रू मारणार असाल तर भोकं स्क्रूपेक्षा मोठी ठेवा, नाहीतर भोकापासून तडे जातात.

दुसरं, ते काचेच्या जवळजवळ तीसपट कमी ताठ आहे. चार मिलिमीटर काचेच्या जागी चार मिलिमीटर शीट लावली तर वेगात ती फडफडते आणि खडखडाट वाढतो. तिसरं, ओरखडे, वाळू तिला काचेपेक्षा कितीतरी लवकर खराब करते, त्यामुळे किमान ओरखडारोधक थर असलेली शीट घ्या. चौथं, थिनर, पेट्रोल, ॲसिटोन आणि अमोनिया असलेले काच पुसायचे द्रव तिला धुरकट करतात, बारीक तडे पाडतात. फक्त साबण आणि पाणी.

ॲक्रिलिकची शीट दिसायला तशीच असते, पण धक्क्याने टोकदार तुकड्यांत फुटते. प्रवाशाच्या डोक्याशेजारी ती लावू नका. आणि काहीही लावण्याआधी तुमच्याकडच्या वाहन नियमांत बाजूच्या खिडकीला प्लास्टिक चालतं का ते बघा. मूळ सुरक्षा काचेच्या कोपऱ्यात खूण कोरलेली असते. वर्तुळातलं ई आणि ४३आर हे अक्षर-अंक बऱ्याच काचांवर सापडतात. बदली काच घेताना अशी मान्यतेची खूण बघूनच घ्या.

काच कापण्याबद्दल एक पक्की सूचना. टफन्ड काच (तापवून झटकन थंड करून मजबूत केलेली) कापता येत नाही, घासता येत नाही, तिला भोक पाडता येत नाही. कापणं, कडा घासणं, भोकं, सगळं टफन करण्याआधी. मी एकदा अडणाऱ्या काचेची खालची कड अगदी थोडी घासली. तेव्हा काही झालं नाही. दोन दिवसांनी उभ्या गाडीत ती अख्खी काच बारीक तुकड्यांत सीटवर पडली होती. सुदैवाने आत कुणी नव्हतं. कडेला टवका उडालेली टफन्ड काच दिसली तर ती वापरात ठेवू नका, काच बनवणाऱ्याला जुन्या काचेचा साचा देऊन नवी करून घ्या.

शेवटचं आणि सर्वात अवघड: चौकट बाहेर काढणं

गळती चौकट आणि पत्र्याच्या मधून आहे हे नळीच्या तपासणीत सिद्ध झालं असेल तरच इथे या.

स्क्रूंवर आदल्या रात्री भेदक तेल सोडा. काचेचं फेल्ट झाकून ठेवा. अडलेला स्क्रू जोराने फिरवू नका, डोकं गेलं तर ड्रिलने काढावा लागतो. चौकट सोडवताना प्लास्टिकची पाचर वापरा, पटाशी नको. माणसं दोन हवीत. एकाने बाहेरून धरायचं.

चौकट निघाल्यावर खरं चित्र दिसतं. १९४८ ते १९८५ या काळात बनलेल्या लँड रोव्हरच्या सिरीज गाड्यांचं उदाहरण घ्या: बाहेरचा पत्रा ॲल्युमिनियमच्या मिश्रधातूचा, आणि त्याला टेकणाऱ्या बऱ्याच चौकटी पोलादाच्या. दोन वेगळे धातू, मध्ये ओल, आणि रस्त्यावरचं मीठ असेल तर विचारूच नका. अशा जोडात ॲल्युमिनियम स्वतः झिजून पांढरी पूड होत जातं. म्हणून नुसतं घासून रंगवणं पुरत नाही, दोन्ही धातू एकमेकांपासून वेगळे ठेवावे लागतात: दोन्ही अंगांना रंग, मध्ये ब्यूटाइलची पट्टी, स्क्रूखाली नायलॉनचे वॉशर. याच गाड्यांत दाराचा वरचा, खिडकीचा भाग बोल्टने बसवलेला असतो, त्यामुळे तो अख्खा सोडवून टेबलावर आरामात काम करता येतं. ज्यांच्याकडे अशी सोय आहे त्यांनी दारावर वाकून काम करू नये.

काही गाड्यांत स्क्रू नसतात, दोन्ही अंगांना खाच असलेलं रबर चौकटीला पत्र्यात धरून ठेवतं. तिथे रबर आधी चौकटीवर चढवा, बाहेरच्या खाचेत मजबूत दोरी फिरवून तिची टोकं खाली एकमेकांवर थोडी चढवून आत लोंबती ठेवा, साबणाचं पाणी लावा. बाहेरच्याने तळहाताने दाबत राहायचं, आतल्याने दोरी हळू ओढायची. रबराची कड पत्र्यावर उलटत जाते.

पूर्ण पत्रा असलेल्या गाडीला नवीन खिडकी बसवताना कापण्याआधी आतून बघा. तिथे आडवा पत्रा, वायर, किंवा सीट बेल्ट अडकवायची जागा असू शकते. बॉडीला ताठपणा देणारी पट्टी कापली तर पुढे तीच खिडकी पिळवटून अडेल. कापलेल्या कडेला त्याच दिवशी प्रायमर द्या, एक रात्रही उघडी ठेवू नका.

इथे थांबून माणूस बोलवायच्या जागा अशा: खांबात किंवा सीट बेल्टच्या जागेजवळ गंज आरपार गेलेला, चौकटीजवळ वेल्डिंगची गरज, चिकटवून बसवलेली काच, आणि काचेच्या वर छतात एअरबॅग असलेली थोडी नवी गाडी. शेवटच्या प्रकारात अस्तरसुद्धा स्वतः काढू नका.

चालवताना एक गोष्ट

काच मोकळी झाली की ती उघडी ठेवावीशी वाटते. चौकोनी पाठीच्या गाडीमागे धावताना हवेचा दाब कमी होतो आणि तिथे एक्झॉस्टचा धूर घोटाळतो. फक्त मागच्या बाजूच्या खिडक्या उघड्या असतील तर तो आत ओढला जाऊ शकतो. त्यातल्या कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो. पुढची खिडकी किंवा पुढची हवेची झडपही उघडी ठेवा, म्हणजे हवा पुढून मागे वाहते. मागे बसलेल्यांचं डोकं दुखायला लागलं तर गाडी थांबवा, सगळ्यांना बाहेर मोकळ्या हवेत उतरवा, आणि एक्झॉस्टचे जोड आणि मागच्या दाराचं रबर तपासल्याशिवाय पुढे निघू नका.

काम संपल्यावर पेलाभर पाणी पुन्हा ओता आणि खाच रिकामी व्हायला किती सेकंद लागले ते दाराच्या आतल्या बाजूला मार्करने लिहून ठेवा, तारखेसह. दर पावसाळ्याआधी तेवढंच मोजा. वेळ वाढलेली दिसली की भोकांत नायलॉनची दोरी फिरवा.